ऑप्शन फॉर्मचा खालचा अर्धा भाग

जुलैमध्ये इंजिनिअरिंगच्या कॅप राउंडचे, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांचे, फॉर्म भरायची वेळ आली की ओळखीपाळखीची मुलं आपापली यादी दाखवायला येतात. मी कोल्हापुरात ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतो, त्यामुळे हे दरवर्षीचंच. यादी आजऱ्याच्या मुलाची असो नाहीतर शाहूपुरीतल्या डॉक्टरांच्या मुलीची, पहिली चार-पाच नावं ठरलेली: पुण्याचं सीओईपी, मुंबईचं व्हीजेटीआय, पुण्याचं पीआयसीटी, सांगलीचं वालचंद. प्रत्येकापुढे ब्रँच एकच, कॉम्प्युटर. तिथून खाली मात्र यादी दुसऱ्याच कुणीतरी भरल्यासारखी दिसते. ज्या कॉलेजचं गाव मुलाला सांगता येत नाही तेही त्यात असतं, आणि घरापासून अर्ध्या तासावरचं, त्याला नक्की मिळेल असं कॉलेज राहून गेलेलं असतं.

बहुतेक मुलांचं ॲडमिशन यादीच्या याच खालच्या भागात होतं, आणि तिथेच आपण सगळ्यात कमी डोकं लावतो. वरची नावं शोधावी लागत नाहीत, ती चौकातल्या फ्लेक्सवर असतात. खालची नावं निवडायला माहिती लागते. ती माहिती मुलापर्यंत पोचवणं हे आज कुणाचंच काम नाही, ना क्लासचं, ना ज्युनिअर कॉलेजचं, ना सरकारचं. म्हणून मी हा एकेका घरापुरता प्रश्न मानत नाही.

आधी गणित पाहू. देशात २३ आयआयटी आहेत आणि २०२५ मध्ये त्यांत मिळून १८ हजारांच्या आसपास जागा होत्या. जेईई मेनला दहा लाखांच्या वर मुलं बसतात, त्यातली अडीच लाख ॲडव्हान्सला, म्हणजे आयआयटीसाठीच्या पुढच्या परीक्षेला, पात्र ठरतात. म्हणजे ॲडव्हान्सपर्यंत पोचलेल्यांतसुद्धा दहातल्या नऊंहून जास्त जणांना आयआयटी मिळत नाही. नीटला वीस लाखांहून जास्त मुलं, एमबीबीएसच्या जागा देशभरात लाख-सव्वा लाख. आपल्या राज्याच्या सीईटीत पीसीएम गटाला अलीकडे तीन-चार लाख मुलं असतात, तेव्हा एक पर्सेंटाइल म्हणजे तीन-चार हजार मुलं झाली. ९९ आणि ९८ मध्ये घरच्यांना फक्त एकाचा फरक दिसतो. पर्सेंटाइल म्हणजे मार्क नव्हेत, शंभरातली किती मुलं आपल्या मागे आहेत तो आकडा, हे निकाल हातात आल्यावरही मला पालकांना समजावून सांगावं लागतं, आणि त्यात त्यांचा काही दोष नाही. त्यांना ते आधी कुणी सांगितलेलंच नसतं.

या आकड्यांवरून मोठ्या कॉलेजांची नावं टाकूच नका, असा अर्थ कुणी काढू नये. उलट ती बिनधास्त टाकावीत. आपल्याकडे एक गैरसमज फार खोलवर रुजलाय: मोठं कॉलेज वर टाकलं आणि ते नाही मिळालं, तर खालच्या कॉलेजातला नंबरही जातो. तसं होत नाही. मेरिट क्रमांकाप्रमाणे एकेका मुलाची यादी वरून खाली तपासली जाते आणि त्याच्या प्रवर्गातली जागा जिथे पहिल्यांदा शिल्लक सापडेल, तिथे त्याला अलॉटमेंट मिळते. पहिल्या दहा ठिकाणी जागा नव्हती म्हणून अकराव्या ठिकाणचा तुमचा हक्क तसूभरही कमी होत नाही. म्हणून क्रम लावायचा तो आपल्याला कुठे जायचंय त्याप्रमाणे, गेल्या वर्षीच्या कट-ऑफच्या उतरत्या क्रमाने नाही. तीनशे पर्यायांपर्यंत जागा असते. एखादं अवघड नाव वाढवायला वेगळी फी पडत नाही.

२०२५ च्या प्रवेशात मात्र एक नियम आला, तो नीट समजून घ्यायला हवा. पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाचा पर्याय मिळाला, दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांतला एखादा मिळाला किंवा तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांतला एखादा मिळाला, तर तो प्रवेश घ्यावाच लागतो. नाही घेतला तर पुढच्या फेऱ्यांची दारं बंद. पूर्वी ‘बघू तरी मिळतंय का’ म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत टाकलेलं नाव मिळालं तरी पुढच्या फेरीत चांगल्याची वाट पाहता यायची. आता वरच्या सहा ओळींत तेच नाव असावं जिथे मिळालं तर बॅग भरून जाल. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत अडकून पडलेल्या मुलांचे फोन मी घेतले आहेत. एकाने जवळच्या कॉलेजची नको असलेली ब्रँच पाचव्या नंबरवर ‘जागा भरायला’ टाकली होती, आणि तीच मिळाली.

राजारामपुरीतल्या एका नेट कॅफेत पाहिलेलं सांगतो. फॉर्म भरायचा शेवटचा दिवस होता. राधानगरी तालुक्यातले एक वडील प्लॅस्टिकची फाइल मांडीवर घेऊन बसलेले, मुलगा शेजारी उभा. ऑपरेटरने विचारलं, “कोल्हापूर-सांगली सगळी टाकू काय?” वडील म्हणाले, “टाका की. तुमास्नी म्हाईत असंल. आमाला त्यातलं काय कळतंय?” मुलगा एवढंच म्हणाला, “कॉम्प्युटर तेवढं बघा.” ऑपरेटरने गेल्या वर्षीची कट-ऑफ पर्सेंटाइलच्या क्रमाने लावली आणि वरून खाली कोड टाकत गेला. पंधरा-वीस मिनिटांत साठ-सत्तर पर्याय भरून झाले, प्रिंट निघाली, वडिलांनी ती जपून फाइलमध्ये ठेवली. मी मुलाला विचारलं, यातलं कुठलं कॉलेज बघितलंयस? “एकबी न्हाई सर.”

ऑपरेटरला मी बोल लावणार नाही. बाहेर रांग होती आणि त्याने दिलेलं काम मनापासून केलं. मला लागलं ते वेगळंच. त्या फाइलमध्ये उत्पन्नाचा दाखला होता, नॉन-क्रिमीलेयर होतं, जात पडताळणीची पावती होती. एकेका कागदासाठी त्या माणसाने तहसीलच्या किती खेपा घातल्या असतील, किती दिवसांची मजुरी बुडवली असेल! एवढ्या कष्टाने जमवलेले कागद ज्या यादीसाठी होते, ती यादी मात्र पंधरा मिनिटांत, अनोळखी माणसाच्या हातून. या घराला कष्ट करायचे नव्हते असं कोण म्हणेल? कुठे कष्ट करायचे ते त्यांना कुणी दाखवलं नव्हतं.

दाखवायचं तरी कसं, तर सीईटी सेलच्या, म्हणजे हे प्रवेश पाहणाऱ्या सरकारी कार्यालयाच्या, कट-ऑफची पीडीएफ उघडून. ती उघडली की शेकडो पानं आणि तक्त्यांवर जी-ओपन-एच, एल-ओबीसी-एस असली अक्षरं. किल्ली साधी आहे. सुरुवातीचा जी म्हणजे सर्वसाधारण जागा, एल म्हणजे मुलींसाठी राखीव. मध्ये प्रवर्ग. शेवटचा एच म्हणजे होम युनिव्हर्सिटीच्या मुलांसाठी, ओ म्हणजे बाहेरच्या विद्यापीठांतल्यांसाठी, एस म्हणजे राज्यस्तर. आता कोल्हापूर, सांगली, साताऱ्याचा मुलगा शिवाजी विद्यापीठाच्या हद्दीतला. त्याने कोल्हापुरातल्या कॉलेजसाठी एचचा रकाना बघायचा आणि पुण्यातल्या कॉलेजसाठी ओचा. मुलं नेमकं उलट वाचतात. पुण्याच्या कॉलेजचा एचचा आकडा बघून हुरळतात, इथल्या कॉलेजचा ओचा आकडा बघून खचतात. दोन अक्षरांचा हा घोटाळा दहा मिनिटांत मिटण्यासारखा असतो.

शिवाय कट-ऑफ म्हणजे गेल्या वर्षी त्या जागेवर शेवटी कोण बसलं त्याची नोंद. ती यंदाची हमी नव्हे. २०२४-२५ पासून एआयसीटीईने, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने, चांगल्या संस्थांवरची प्रवेशक्षमतेची वरची मर्यादा उठवली, तेव्हा कॉम्प्युटरच्या जागा कितीतरी कॉलेजांत वाढल्या. अशा वेळी एकाच वर्षाचा आकडा धरून चालणारा फसतो. दोन-तीन वर्षांचे आकडे शेजारी ठेवले की कुठलं कॉलेज वर सरकतंय आणि कुठलं खाली, ते दिसायला लागतं.

आता ‘सेफ’, म्हणजे खात्रीच्या कॉलेजबद्दल. हा शब्द कोल्हापुरात परदेशी शिक्षणाच्या कन्सल्टंटांनी रुळवला. बी.ई. करून एम.एस.ला जाणारी मुलं आता गल्लोगल्ली आहेत, आणि बारावीनंतर थेट अमेरिकेला अर्ज करणारी घरंही दिसू लागली आहेत. तिथला मामला वेगळा. हार्वर्डसारख्या ठिकाणी शंभर अर्जांतले तीन-चार घेतले जातात, आणि ते कुठल्या एका परीक्षेच्या क्रमाने नाही. शाळेची चार वर्षांची गुणपत्रकं, निबंध, शिक्षकांची शिफारसपत्रं, शाळेबाहेर मुलाने काय केलं, सगळं वाचून ठरवतात. तिथे कट-ऑफची पीडीएफ नसते, त्यामुळे वर्गात पहिल्या आलेल्या मुलालाही नकार येतो आणि का आला ते कुणी सांगत नाही. कॉमन ॲप या सामायिक ऑनलाइन फॉर्मवरून जास्तीत जास्त २० कॉलेजांना अर्ज करता येतो, बहुतेक ठिकाणी वेगळी फी आणि अनेक ठिकाणी वेगळे निबंध. तिथे यादी आखूड ठेवावीच लागते, म्हणून थोडी अवघड, बरीचशी आवाक्यातली आणि दोन-तीन खात्रीची अशी वाटणी करतात. ‘अर्ली डिसिजन’ने अर्ज करून निवड झाली तर बाकीचे अर्ज मागे घेऊन तिथेच जावं लागतं. म्हणजे पहिल्या पसंतीला बांधून घेण्याची रीत तिथेही आहेच.

त्या मुलांना मी एक गोष्ट बजावून सांगतो. परदेशी विद्यार्थ्याची ऐपत न बघता प्रवेश देणारी आणि लागेल ती पूर्ण मदत करणारी कॉलेजं तिथे अगदी मोजकी आहेत. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲम्हर्स्ट ही त्यांतली ठळक नावं. म्हणजे ज्यांत शिरणं सगळ्यात अवघड तीच. बाकी बहुतेक ठिकाणी मदत मागितली की निवडीवर परिणाम होऊ शकतो, किंवा प्रवेश मिळतो आणि मदत मिळत नाही. जिथे प्रवेश पक्का पण पैसे नाहीत, ते कॉलेज त्या मुलापुरतं सेफ नाही, त्याचे मार्क कितीही असोत.

हीच कसोटी मी कॅप राउंडच्या यादीलाही लावतो. खात्रीचं कॉलेज म्हणजे जे मिळणार, परवडणार आणि ज्यात मुलगा चार वर्षं मन लावून शिकणार. या तिन्ही अटी पूर्ण करणारी किमान चार-पाच नावं यादीत नसतील, तर यादी कितीही लांब असली तरी ती अर्धवट आहे.

परवडण्याचा विचार आपण फार उशिरा करतो, अलॉटमेंट आल्यावर. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीतून खुल्या गटातल्या, वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या घरातल्या मुलाला शिक्षण शुल्काची निम्मी रक्कम मिळते. टीएफडब्ल्यूएस (ट्यूशन फी वेव्हर स्कीम) च्या जागांवर शिक्षण शुल्कच माफ असतं, पण त्याचा पर्याय फॉर्ममध्ये वेगळा भरावा लागतो आणि पुष्कळ जण तो भरायचा विसरतात. आणि शिष्यवृत्ती हवी असेल तर प्रवेश कॅपमधूनच घ्यायला हवा. घाबरून जाऊन मॅनेजमेंट कोट्यातून आधीच जागा धरणारे पालक हे गमावून बसतात.

फीपेक्षाही राहण्या-जेवणाचा खर्च घर मोडतो, आणि हे कोल्हापूरला नव्याने सांगायला नको. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केलं, पुढच्या काही वर्षांत जैन, मुस्लिम, लिंगायत अशी एकेका समाजाची बोर्डिंगं उभी राहिली. दसरा चौकात त्यातली आजही दिसतात. खेड्यातल्या मुलाला शाळेत नाव घालून भागत नाही, त्याला शहरात रात्री पाठ टेकायला जागा आणि दोन वेळचं जेवण लागतं, हे त्या राजाला शंभर वर्षांपूर्वी कळलं होतं. आज डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्त्यासारख्या योजना आहेत, पण यादी करताना कॉलेजच्या नावापुढे वसतिगृह आहे का, मेसचे किती, एस.टी.चा पास चालेल का, हे लिहिलेली यादी मला क्वचितच दिसते. ते लिहिलं की पुण्यातलं चौथ्या पसंतीचं कॉलेज आणि सांगलीतलं पाचव्या पसंतीचं यांची अदलाबदल घर शांतपणे करू शकतं. न लिहिता गेलेला मुलगा दुसऱ्या वर्षी पार्टटाइम काम शोधत फिरतो आणि विषय राहतात.

मुलींच्या याद्या बघितल्या की मला वेगळीच काळजी वाटते. मुलांच्या यादीचा खालचा भाग कच्चा असतो, मुलींच्या यादीचा वरचा भाग कापलेला असतो. ९८ पर्सेंटाइलची मुलगी, आणि यादी कोल्हापूर-सांगलीच्या पुढे जात नाही. “ये-जा करता येईल असंच बघा सर,” हे वाक्य मी तिच्या तोंडून कधी ऐकत नाही, तिच्यासोबत आलेल्या काकांच्या किंवा भावाच्या तोंडून ऐकतो. २०२४ पासून ८ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण आणि परीक्षा शुल्काची पूर्ण माफी आहे. फीचं कारण त्यांच्या बाबतीत उरलेलं नाही. उरलंय ते अंतराचं आणि भीतीचं. सीओईपीच्या मुलींच्या वसतिगृहात एकदा घरच्यांना प्रत्यक्ष घेऊन गेलं, तिथे राहणाऱ्या आपल्याच तालुक्यातल्या एखाद्या मुलीशी बोलणं करून दिलं, तर कितीतरी घरं तयार होतात. समतोल यादी म्हणजे मुलीसाठी आधी तिची वरची पाच नावं परत लिहिणं.

माझ्या म्हणण्यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो मी गंभीरपणे घेतो. पालक म्हणतात, खालची नावं आधीपासून बोलायला लागलो की पोरगं ढिलं पडतं, आयआयटी नाहीतर काहीच नाही असं असलं तरच अभ्यास करतं. मी वर्गात बघतो ते उलट आहे. ज्याला पुढचा रस्ता माहीत असतो तो पेपरला शांत असतो. ज्याच्या डोक्यात एकच नाव असतं, तो जानेवारीच्या जेईई मेनमध्ये एक पेपर अवघड गेला की सीईटीचाही अभ्यास सोडून देतो. आणि ते एक नाव हुकलं की ‘ड्रॉप घेऊ’. नीटवाले लातूरला, जेईईवाले पुण्याला किंवा थेट कोटाला. रिपीट करणं चूकच असं मी म्हणत नाही. काठावर हुकलेल्या आणि स्वतःहून पुन्हा बसू म्हणणाऱ्या मुलाला त्याचा फायदा झालेला मी पाहिलाय. पण यादीत दुसरं काही नव्हतं म्हणून घेतलेला ड्रॉप हा निर्णय नसतो, आणि त्याचं ओझं एकटं ते मूल वर्षभर वाहतं.

दुसरा आक्षेप प्लेसमेंटचा. मोठ्या कॉलेजात कंपन्या येतात, सोबतची मुलं हुशार असतात, नावाचं वजन जन्मभर पुरतं. हे खरं आहे. १८५४ पासून चालत आलेल्या सीओईपीची आणि काल निघालेल्या कॉलेजची बरोबरी करायचं मला काही कारण नाही. पण मधल्या कॉलेजांत आपसांत जेवढा फरक असतो, तेवढा कुणी तपासतच नाही. फ्लेक्सवर सगळ्यात मोठं पॅकेज छापतात, ते एका मुलाचं असतं. एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या क्रमवारीसाठी कॉलेजं जी माहिती देतात तिच्यात किती मुलं पास झाली, किती जणांना नोकरी लागली आणि मधल्या मुलाचा पगार किती, हे असतं, आणि ते बहुधा कॉलेजच्या वेबसाइटवर सापडतं. अभ्यासक्रमाचा दर्जा तपासून मिळणारी एनबीए मान्यता ब्रँचप्रमाणे असते, कॉलेजला सरसकट नाही. ती आपल्या ब्रँचला आहे का, ते विचारावं.

ब्रँचचंही तसंच. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले या एमआयडीसींतल्या फाउंड्र्या आणि मशीन शॉप यांच्या कुशीत वाढलेली आमची मुलं मेकॅनिकल, प्रॉडक्शन ही नावं यादीत घ्यायला लाजतात. इचलकरंजीच्या यंत्रमागांच्या आवाजात लहानाचा मोठा झालेला मुलगा त्याच गावातल्या डीकेटीई कॉलेजचं टेक्स्टाइल बघत नाही, आणि लांबच्या कुठल्यातरी कॉलेजची कॉम्प्युटरला जोड दिलेली नवी, लांबलचक नावाची ब्रँच घेतो. ज्याला कोडिंगची ओढ आहे त्याने कॉम्प्युटरच घ्यावं. ज्याला नाही, त्याने सगळे घेतात म्हणून चार वर्षं तिथे घालवू नयेत. ओढ कशाची आहे हे बारावीपर्यंत कळलेलं नसतं, हेही मला मान्य आहे. म्हणूनच यादी करण्याआधी दोन-तीन कॉलेजांत जाऊन लॅबमध्ये उभं राहावं, तिसऱ्या वर्षाच्या मुलांना चहाला नेऊन विचारावं. कोल्हापूरच्या मुलाला सांगली आणि इचलकरंजी एका दिवसात होतं.

हे सगळं एकेका घरावर सोडून चालणार नाही, कारण ज्या घरात आधी कुणी इंजिनिअर झालेला नाही, तिथे विचारायला माणूसच नसतो. सरकारची सुविधा केंद्रं आहेत, पण ती कागद तपासतात, आणि बरीचशी कुठल्यातरी कॉलेजातच असतात. ज्या कॉलेजला स्वतःच्या जागा भरायच्या आहेत, तिथेच मुलाने कुठलं कॉलेज टाकू असं विचारणं बरोबर नाही. सीईटी सेलने दर वर्षीची कट-ऑफ मराठीतून, प्रवर्ग आणि होम युनिव्हर्सिटी निवडली की आपल्यापुरतीच दिसेल अशा रूपात द्यावी. हे काम अवघड नाही, खासगी क्लास आणि ॲपवाले हेच करून पैसे घेतात.

आणि ज्युनिअर कॉलेजांनी, म्हणजे आम्ही, एवढं तरी करावं. २०२५ पासून अकरावीचं ॲडमिशनही राज्यभर ऑनलाइन झालं आणि दहापर्यंत पसंतिक्रम देता येतात. म्हणजे सोळाव्या वर्षीच मुलं यादी करायला लागली. बारावीचा निकाल आणि कॅपचा फॉर्म यांच्यात काही आठवडे असतात, आमचे वर्ग तेव्हा रिकामे असतात. गेल्या वर्षी आपल्या कॉलेजातून कुठलं मूल किती पर्सेंटाइलवर, कुठल्या प्रवर्गातून, कुठल्या ब्रँचला गेलं, फी किती पडली, राहतं कुठे, याची नोंद जिल्ह्यातल्या फार थोड्या कॉलेजांकडे असेल. नावं गाळून ती नोंद यंदाच्या मुलांपुढे ठेवली, तर राधानगरीच्या मुलाला आपल्याच बेंचवर बसून गेलेल्यांचे वीस खरे मार्ग दिसतील. एका फुलस्केप वहीत मावेल एवढं काम आहे. यंदाच्या बॅचपासून सुरू करता येईल, त्यांचे फोन नंबर ऑफिसात आहेतच.